शिक्षा एकाची, कैद साऱ्या घराची

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. या कामाला आता एकोणीस वर्षे झाली. दर जूनमध्ये नवीन मुलांचे फॉर्म भरून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. फॉर्मवर एक रकाना आहे, 'वडिलांचा व्यवसाय'. कुणी हमाली लिहितो, कुणी सेंट्रिंगचे काम, कुणी फळांची गाडी. काही मुले तो रकाना मोकळा सोडतात. विचारले की खाली बघून सांगतात, "अब्बा सौदी में हैं, टीचर."

ज्यांचे अब्बा खरोखर सौदीत असतात, ती मुले खाली बघत नाहीत. जद्दा की दम्माम, तेही सांगतात आणि ईदला काय पाठवले तेही सांगतात. खाली बघणाऱ्या मुलाला मी पुढचा प्रश्न विचारत नाही. आमच्या नानीच्या घरातलाही एक माणूस साडेतीन वर्षे असाच 'सौदीत' होता.

तो माझा मामू. मी तेव्हा सातवीत होते. गावात एका मिरवणुकीनंतर दगडफेक झाली, एका माणसाला जबर मार लागला आणि त्या रात्री आमच्या मोहल्ल्यातून अकरा जणांना उचलून नेले. मामूचे सायकल दुरुस्तीचे दुकान नेमके त्याच चौकात होते. वय चोवीस, निकाहाला दोन वर्षे झालेली, घरात सात महिन्यांची मुलगी. दंगल, खुनाचा प्रयत्न, सरकारी कामात अडथळा अशी कलमे लागली. जामिनाचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. तिसऱ्यांदा अर्ज करायला वकिलाच्या फीचे पैसे उरले नव्हते. साडेतीन वर्षांनी खटला चालला, एकाही साक्षीदाराने मामूला ओळखले नाही आणि न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तोवर मी अकरावीत गेले होते.

निकालपत्र मी पुढे बी.एड. करताना वाचले. मामूविषयी त्यात अडीच ओळी आहेत.

त्या अडीच ओळींच्या मागेपुढे जे घडले ते मात्र कुठल्याच कागदावर नाही. नानीने साडेतीन वर्षे रात्री दाराला कडी लावू दिली नाही. म्हणायची, "वो आया तो दरवाजा खटखटाना नको पडे." मुमानी शिवणकाम करून घर चालवत होती. महिन्यातून एकदा लेकीला कडेवर घेऊन पहाटेच्या एस.टी.ने मुलाखतीला जायची. मराठीत 'मुलाखत' म्हटले की वर्गातल्या मुलांना वर्तमानपत्रातली मुलाखत आठवते. तुरुंगातल्या भेटीलाही तोच शब्द आहे, हे काही घरांना फार लवकर कळते. सकाळपासून रांगेत उभे राहायचे, दुपारी जाळीपलीकडे काही मिनिटे माणूस दिसायचा, आजूबाजूला पंधरा माणसे एकाच वेळी ओरडून बोलत असायची. लेक जाळीपलीकडच्या माणसाला पाहून रडायची. तिला तो अब्बा वाटायचा नाही.

माझ्या खालाचा ठरत आलेला रिश्ता याच काळात मोडला. मुलाकडच्यांनी कारण सांगितले नाही, फक्त येणे बंद केले. किराणावाल्याने उधारीची वही मिटली. शेजारच्या घरातली मुले आमच्या ओट्यावर खेळायला यायची, ती येईनाशी झाली. ही माणसे वाईट नव्हती. त्यातले कित्येक आमच्या आनंदात आणि मयतीत आधी धावून आलेले होते. त्यांना भीती होती की त्या घरी ऊठबस ठेवली तर उद्या आपलेही नाव कुठल्या तरी कागदावर चढेल. पण आतल्या माणसांना भीती आणि तिरस्कार यातला फरक कळत नाही. त्यांना बंद झालेले दार तेवढे दिसते.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, ही फक्त आमच्या घराची गोष्ट असती तर मी लिहिली नसती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजारांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. शंभरातले जवळपास ७६. कायद्याच्या नजरेत यातला प्रत्येक जण तेव्हा निर्दोष होता. एका कैद्यामागे घरात चार माणसे धरली तरी ही संख्या कुठे जाते याचा हिशेब पाचवीतला मुलगाही करील.

आपल्या समाजाचा प्रश्न यात आणखी खोल आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. राज्याच्या लोकसंख्येतल्या आपल्या प्रमाणापेक्षा तुरुंगातले आपले प्रमाण बरेच जास्त असल्याचे त्यात मांडले आहे. त्याचबरोबर, ज्यांच्याशी ते बोलले त्यातल्या बहुतेकांचा संघटित गुन्हेगारीशी संबंध नव्हता, असेही त्यात आढळले. शिक्षण तुटलेली, हातावर पोट असलेली, वकील परवडत नसलेली अशी ही माणसे. मला हे वाचून नवल वाटले नाही. आठवीनंतर हजेरीपटावरून गळालेली किती तरी नावे माझ्या जुन्या वह्यांत आहेत.

मोठ्या खटल्यांची चर्चा आपण चहाच्या टपरीवर करतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मारले गेले. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातली पाच फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक जण त्याआधीच, २०२१ मध्ये, तुरुंगात कोरोनाने वारला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही. एकोणीस वर्षांनी घरी आलेला माणूस दाराशी उभा राहतो तेव्हा त्याची मुले त्याच्याइतकी उंच झालेली असतात. आणि स्फोटात ज्यांचे माणूस गेले, त्या घरांच्या हातीही एकोणीस वर्षांनी काही उत्तर नाही. त्यांचेही दुःख या निकालाने पुन्हा ओले झाले, हे आपण विसरता कामा नये.

मालेगावात तर हे दोन्ही प्रकारचे दुःख एकाच वस्तीत राहिले. ८ सप्टेंबर २००६ चा तो जुमा होता, त्या दिवशी शब-ए-बरात होती. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट होऊन ३० हून अधिक माणसे गेली. त्या गुन्ह्यात नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. त्यांना जामीन २०११ मध्ये मिळाला आणि विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. त्यातला एक जण तोवर हयातही नव्हता. ज्यांनी जनाजे उचलले त्यांच्याच गल्ल्यांत ज्यांच्यावर आळ आला त्यांची घरे होती. एकाच मशिदीत दोघांच्या सफा लागत होत्या. या शहराने काय सोसले असेल, याची कल्पना मला खटल्याच्या कागदांपेक्षा त्या सफेवरून अधिक येते.

निर्दोष सुटलेल्या माणसाला गेलेल्या वर्षांचे काय मिळते? कायद्यात त्याचा हक्क म्हणून ठरलेले असे काही नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या आपल्या २७७ व्या अहवालात अशा माणसांना भरपाई देण्यासाठी कायदा करावा अशी शिफारस केली. तो कायदा झालेला नाही. दिल्लीचे मोहम्मद आमिर खान विशीत पकडले गेले आणि जवळपास १४ वर्षांनी, २०१२ मध्ये बाहेर आले. मधल्या काळात वडील गेले, आईला पक्षाघात झाला. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या हस्तक्षेपाने त्यांना पाच लाख रुपये मिळाले. चौदा वर्षांना पाच लाख, म्हणजे महिन्याला तीन हजारही पडत नाहीत.

पैशांचे एक वेळ सोडून देऊ. माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत तुरुंगही घरात येतो.

मामू सुटून आला त्या रात्री नानीने बिर्याणी केली होती. तो चार घास खाऊन उठला. पुढे कित्येक महिने तो दिवा चालू ठेवूनच झोपायचा. पहाटे गिनतीच्या वेळेला आपोआप जागा होऊन अंथरुणाशेजारी उकिडवा बसायचा. स्वतःच्या घरात मोरीवर जाण्याआधी मुमानीकडे बघायचा, जणू परवानगी मागतो आहे. दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. रस्त्यावर गाडीचा जोरात ब्रेक लागला की हातातला पाना गळून पडायचा. लेक 'अब्बा' म्हणायला आठ महिने लागले. लोक म्हणायचे, आता सुटला ना, मग झाले! कामाला लाग, अल्लाहचा शुक्र कर. शुक्र तो करतच होता. पाचही वक्त करत होता.

उर्दूत याला 'सदमा' म्हणतात, मराठीत 'आघात'. डॉक्टर मंडळी 'ट्रॉमा' म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, हा ईमानचा कमकुवतपणा नाही. हात मोडला तर आपण प्लास्टर घालतो, त्या माणसाला 'सब्र कर' एवढे सांगून घरी पाठवत नाही. मन मोडले तरी उपचार असतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा विनामूल्य आहे. त्या काळी आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते. आज ठाऊक असायला हरकत नाही.

सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकतो. मामूच्या घटनेनंतर मी ती वेगळ्या कानांनी ऐकू लागले. हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला आणि ते तुरुंगात गेले, ही गोष्ट मुलांनाही माहीत असते. पण वियोगाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडल्याचाही उल्लेख तिथे आहे. एका पैगंबराचे घर दुःखाने असे खचू शकते, हे कुरआन लपवत नाही. ते रडले म्हणून त्यांचा सब्र कमी ठरला नाही. नानीच्या रडण्यालाही कुणी कमी ईमान म्हणू नये, असे मला तेव्हापासून वाटते.

आणखी एक गोष्ट. बादशहाने सुटकेचा निरोप पाठवला तेव्हा हजरत यूसुफ (अ.) लगेच बाहेर आले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी व्हावी असा निरोप त्यांनी उलट पाठवला. त्यांचे निर्दोषत्व सर्वांसमोर कबूल झाले, मग ते बाहेर आले. इतकी वर्षे तुरुंगात काढलेला माणूस दार उघडे असताना का थांबतो? कारण अंगावरचा डाग घेऊन बाहेर येणे म्हणजे अर्धीच सुटका. आपल्याकडे निकालपत्र मिळते, पण ते मोहल्ला वाचत नाही. मोहल्ल्याला अटकेच्या दिवशीची बातमी आठवते, सुटकेची बातमी आतल्या पानावर कुठे तरी आलेली असते. म्हणून ही उरलेली अर्धी सुटका न्यायालय देऊ शकत नाही. ती मोहल्ल्याच्या हातात असते.

मामूला ती कशी मिळाली, ते सांगते. सुटून दीड वर्ष झाले होते. दुकान पुन्हा सुरू केले होते, पण गिऱ्हाईक कमी. नमाजला शेवटच्या सफेत उभा राहायचा आणि सलाम फेरताच निघायचा. गल्लीत पावाची भट्टी चालवणारे एक चाचा होते, बोलायला कडक. त्यांच्या मुलीचा निकाह ठरला. एका संध्याकाळी ते स्वतः दुकानावर आले आणि मामूला म्हणाले, "जुमे को निकाह है. मेरी बच्ची के निकाह में एक गवाह तू रहेगा."

मामू म्हणाला, "चाचा, किसी और को देखो. लोगां बातां करेंगे."

चाचा म्हणाले, "इसी लिए तेरे को बोल रहा हूँ."

निकाहाला दोन गवाह लागतात, हे आपण सर्व जाणतो. गवाह भरवशाचा असावा लागतो. ज्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्षीदार उभे केले गेले होते, त्याला भर मजलिसमध्ये साक्षीदार म्हणून बसवले गेले. काजीसाहेबांनी रजिस्टरवर त्याचे नाव, बापाचे नाव, पत्ता लिहिला आणि त्याने सही केली. मी बायकांच्या बाजूला नानीजवळ बसले होते. छुहारे वाटले गेले तेव्हा नानीने तिचा छुहारा खाल्ला नाही, पदराला बांधून घरी आणला. तो तिच्या पानदानात पुढे कित्येक वर्षे होता.

त्यानंतर सगळे एका दिवसात सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. मामू दिवा लावून झोपतो, आजही. पण त्या जुम्यानंतर लोक दुकानावर थांबून बोलू लागले, उधारीची वही पुन्हा उघडली आणि पुढच्या वर्षी खालाचे लग्न झाले. चाचांनी भाषण केले नाही, कमिटी नेमली नाही. त्यांनी स्वतःच्या घरातली सर्वांत मोलाची गोष्ट, मुलीचा निकाह, त्याच्या सहीच्या भरवशावर ठेवली.

आता जी गोष्ट बोलायला अवघड आहे ती बोलते. निर्दोष माणसाबद्दल हळहळणे सोपे आहे. पण तुरुंगातला प्रत्येक जण निर्दोष नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आणि एक मुलगी एकाच गल्लीतून यायची. मुलाच्या वडिलांनी जागेच्या भांडणात मुलीच्या चाचाला चाकू मारला होता. तो चाचा वाचला, पण एक हात कायमचा निकामी झाला. गुन्हा घडला होता, गल्लीने तो पाहिला होता आणि शिक्षाही झाली. दोन्ही मुले माझ्या समोरच्या बाकांवर.

मुलाला कुणी डबा खायला जवळ घेत नव्हते. 'चाकूवाले का' हे त्याचे नाव पडले होते. मुलीला दर तारखेनंतर दोन-तीन दिवस शाळेत लक्ष लागत नसे. आमच्या मुख्याध्यापकांनी दोघांच्याही घरी जायचे ठरवले, पण वेगवेगळ्या दिवशी. मी सोबत होते. मुलीच्या घरी त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "सर, पहले तीन दिन सब आए. उसके बाद चार साल में कोई नहीं पूछा कि हाथ कैसा है." या वाक्यावर मला पुढे बोलायला काही उरले नाही. मयतीचे तीन दिवस आपण पाळतो, पण ज्याच्यावर वार झाला त्याचे दुखणे तीन दिवसांत संपत नाही. तारखेला तो एकटा जातो, वकिलाचे प्रश्न एकटा झेलतो, घरी येऊन एकटा गप्प बसतो.

तिथे आम्ही 'माफ करा' हा शब्द तोंडातून काढला नाही. इस्लाममध्ये माफीला मोठा दर्जा आहे, पण माफ करण्याचा हक्क ज्याच्यावर जुलूम झाला त्याचाच आहे. जमातीने, शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी तो हक्क त्याच्या वतीने वापरायचा नसतो. 'बिरादरीची अब्रू' म्हणून जखमी माणसाच्या, आणि विशेषतः घरात मार खाणाऱ्या बाईच्या गळ्यात समझोता बांधणे याला सुलह म्हणत नाहीत. तो दुसरा जुलूम आहे. हजरत यूसुफ (अ.) यांनी भावांना माफ केले ते स्वतः, स्वतःच्या इच्छेने आणि भावांनी चूक कबूल केल्यावर.

त्या दोन घरांत पुढे काही मेळ झाला नाही. आजही बोलत नाहीत. पण मुलीच्या चाचांना गुन्ह्याच्या पीडितांसाठी सरकारी भरपाई योजना असते हे सांगितले आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला एक जुना विद्यार्थी सोबत गेला. मुलासाठी वर्गात एवढेच केले की तो त्याच्या नावाने ओळखला जावा. हजेरी घेताना, फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावताना, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन देताना त्याचे पूर्ण नाव घ्यायचे. दोघेही दहावी पास झाले, दोघांनाही पेढे मिळाले. बापाच्या गुन्ह्याचा हिशेब बापाकडे. कुणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, ही कुरआनची शिकवण आपल्याला पाठ आहे. मग ते ओझे तेरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात कोण ठेवते?

आता काही कामाच्या गोष्टी. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला, त्याची कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळू शकतो. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरेसा आहे. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर मात्र ही सवलत लागू होत नाही. जामीन मंजूर होऊनही केवळ पैसे नाहीत म्हणून आत राहिलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे, तिच्यात आर्थिक मदत मिळू शकते. टाटा संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करतो आहे.

ही माहिती दर जुम्याला मशिदीच्या फळ्यावर लिहायला खडूखेरीज काही खर्च नाही. मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या तरुणांनी ठरवले तर कुणाची पुढची तारीख कधी, कुणाचा अर्ज कुठे अडला, याची एक वही ठेवता येईल. तारखेला घरातल्या बाईसोबत कुणी तरी जाईल. मुलाच्या शाळेची फी जकातमधून भरता येते का, हे आपल्या आलिमांना विचारता येईल. सूरह अद-दहरमध्ये नेक माणसांची ओळख सांगताना मिस्कीन आणि यतीम यांच्यासोबत कैद्याला जेवू घालण्याचा उल्लेख आहे. तिथे तो कैदी निर्दोष असावा अशी अट घातलेली नाही.

आणि शिक्षक म्हणून मला फार प्रिय असलेली एक गोष्ट. बद्रच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावे, हाच त्यांच्या सुटकेचा मोबदला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभा असलेला माणूस उस्ताद म्हणून मुलांसमोर बसला. कैद्याला जगात परत घेण्याचा याहून सुंदर मार्ग मला माहीत नाही. आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर ७/११ च्या खटल्यात २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले वाहिद शेख घ्या. नऊ वर्षे तुरुंगात काढलेला हा शिक्षक सुटल्यावर पुन्हा वर्गात उभा राहिला आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तकही लिहिले. कुठल्या तरी शाळेने त्यांच्यासाठी दार उघडले म्हणून हे झाले. आपल्या दुकानाचे, कारखान्याचे, मदरशाचे दार असे उघडेल का, हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येक मालकाने आणि विश्वस्ताने स्वतःला विचारायचा आहे.

आपल्या भगिनींच्या हातात याहूनही जास्त आहे. अशा घरात पहिले पाऊल बहुतेक वेळा बाईनेच टाकायचे असते. गेल्यावर केसबद्दल काही विचारू नका. भाजी निवडू लागा, मुलांचा अभ्यास घ्या, घरच्या मुलीसाठी चांगले स्थळ आले तर सांगा. माणूस सुटून आला असेल तर 'आत कसे असते' हे विचारू नका. सांगावेसे वाटेल तेव्हा तो सांगेल, तेव्हा मात्र ऐकायला थांबा.

मुमानी आता साठीला आली आहे. त्या साडेतीन वर्षांबद्दल ती फारसे बोलत नाही. कुणी तिला त्रास दिला, कुणी तोंड फिरवले, यातले एकही नाव मी तिच्या तोंडून ऐकलेले नाही. पण त्या काळातल्या ईदला मोहल्ल्यातल्या तीन घरांतून शीरखुर्मा आला होता. ती तीन नावे तिला पाठ आहेत. त्यातले दोघे आता हयात नाहीत. आजही दर ईदच्या नमाजानंतर ती त्यांच्यासाठी नाव घेऊन दुआ करते.